मॉरिशस, स्वतः गाडी चालवून: आठ दिवस, चार माणसं, त्यातली एक आई. बेत तपासून द्या

पांढरा_कावळा

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात मॉरिशसला जातोय. मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, उत्साह मात्र आम्हा तिघांपेक्षा जास्त). मुंबईहून थेट विमान आहे. सात रात्री. परदेशात गाडी चालवायची ही पहिलीच वेळ. घरी चारचाकीचा सराव आहे, ठाणे-गुहागर वर्षातून दोनदा होतं.

बेट जेमतेम ६५ किमी लांब आणि ४५ किमी रुंद दिसतंय, म्हणून असा बेत केलाय:

पहिला दिवस: विमानतळावरून थेट उत्तरेला ग्रँ बे. सातही रात्री तिथेच मुक्काम, म्हणजे बॅगा उचलायला नकोत.
दुसरा: पोर्ट लुई, पाम्पलमूसची बाग, काप माल्हरो.
तिसरा: किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्ण बेटाची प्रदक्षिणा, एका दिवसात.
चौथा: गंगा तलाव, शामारेलची सातरंगी माती, ब्लॅक रिव्हरचं जंगल, ल मोर्न.
पाचवा: इल ओ सेर्फ बेट.
सहावा, सातवा: राहिलेलं सगळं.

ज्वालामुखी बघायचा म्हणून लेक हटून बसलीय. डोडोही बघायचा म्हणते, तो कुठून आणू? चुका काढा, मनाला लावून घेणार नाही.

रानजाई

वाचनखूण साठवली. आमचं पुढच्या वर्षी घाटतंय.

एबेनकर

मी तिथे तीन वर्षं नोकरीला होतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुमचा बेत नकाशा बघून केलाय, रस्ता बघून नाही. तिथे मुख्य हमरस्ता एकच, विमानतळाकडून पोर्ट लुईमार्गे ग्रँ बेला जाणारा. त्यावर गाडी पळते. बाकी बहुतेक रस्ते गावागावातून जातात. एक लेन जायची, एक यायची. बाजूला पायवाट नाही, बस मध्येच थांबते, आणि दर दोन किमीला गोल चौक. किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला ३५-४० किमी पडले तर नशीब समजा. ठाणे-गुहागरचा हिशेब डोळ्यासमोर ठेवा, पुणे एक्सप्रेसवेचा नको.

दुसरं म्हणजे मेअखेर तिकडे हिवाळा लागतो, पावणेसहाला सूर्य बुडालेला असतो. आपल्यासारखा साडेसात-आठपर्यंत उजेड मिळेल या भरवशावर राहू नका. संध्याकाळी उसातल्या रस्त्यांवर दिवे नसतात.

तिसरं, ग्रँ बेला सात रात्री म्हणजे दक्षिणेला जाताना रोज पोर्ट लुईची सकाळची कोंडी आणि येताना संध्याकाळची. आमच्या ऑफिसात निम्मे लोक त्या कोंडीला शिव्या देतच दिवस सुरू करायचे.

माझा सल्ला: चार रात्री पश्चिमेला (फ्लिक आं फ्लाक, तामारँ किंवा रिव्हिएर न्वार) आणि तीन रात्री आग्नेयेला माएबूर किंवा ब्लू बेला. विमानतळ माएबूरला लागूनच आहे, त्यामुळे शेवटच्या दिवशी धावपळ नाही. उत्तरेला एक दिवस पुरे. एकदा बॅगा उचलाव्या लागतील, पण गाडीतला वेळ निम्मा होईल.

आणि एका दिवसातली प्रदक्षिणा कराच, पण मग गाडीतून उतरू नका!

सुपारीची_खांडं

एबेनकर +१.

आम्ही जुलैत पूर्वेला बेलमारला राहिलो होतो. किनारा अप्रतिम, पण वारा असा की पोरांच्या टोप्या उडून पाण्यात. हिवाळ्यात वारा आग्नेयेकडून येतो आणि पूर्व किनाऱ्याला थेट लागतो. पश्चिमेला त्याच वेळी पान हलत नव्हतं.

शंकेखोर

सगळं ठीक, पण स्वतः गाडी कशाला? ड्रायव्हरसकट टॅक्सी दिवसभरासाठी मिळते. ७१ वर्षांची आई, लहान मूल आणि अनोळखी देश. सुट्टीवर जाताय की परीक्षेला?

पांढरा_कावळा

शंकेखोर, मुद्दा मान्य. पण ड्रायव्हर असला की आईला चहाला थांबा म्हणायला संकोच वाटतो. केरळमध्ये हेच झालं होतं. आम्हाला वाटेत उगाच थांबायचं असतं.

एबेनकर

"उगाच थांबायचं असतं" हेच गाडी चालवण्याचं खरं कारण. तिथे गाडी डाव्या बाजूनेच चालते, हा मोठा दिलासा. भाड्याच्या गाड्याही ओळखीच्याच मिळतात, पिकांटो, आय-टेन, सेलेरिओच्या जातीच्या.

कामाच्या काही गोष्टी. भाड्याच्या अधिकृत गाडीची नंबरप्लेट पिवळी असते. कुणी ओळखीतून स्वस्तात खाजगी गाडी देऊ केली तर घेऊ नका, ठोकली तर विमा हात वर करतो. आपलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत असतं, माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांचं त्यावर भागलं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, हजार रुपयांचं काम आहे, वादाला जागा राहत नाही. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडकवतात, म्हणून मर्यादा बघून जा. वेगमर्यादा हमरस्त्यावर ११०, गावातून ४० ते ६०, आणि कॅमेरे ठिकठिकाणी. दारूबाबत कायदा भलताच कडक आहे. पेट्रोलचा भाव सरकार ठरवतं, सगळ्या पंपांवर एकच. स्वस्त पंप शोधत फिरू नका.

चौथा_गियर

आता माझा धडा ऐका, फुकट आहे.

दक्षिण किनाऱ्यावरच्या सूयाककडून निघालो होतो. फोनवरच्या नकाशाने 'सात मिनिटं वाचतील' म्हणून डावीकडे वळवलं. दोनशे मीटरवर डांबर संपलं. दोन्ही बाजूंना डोक्यावरून जाणारा ऊस आणि मध्ये ट्रॅक्टरची चाकोरी. वळवायला जागा नाही. बायको खाली उतरून मागे चालतेय, मी रिव्हर्समध्ये. मुख्य रस्ता दिसायला लागला तसा जीव भांड्यात पडला, आणि नेमकं तिथेच डावं मागचं चाक गटारात. तिथे रस्त्याच्या कडेला उघडी, खोल, दगडी गटारं असतात आणि गवतात ती दिसत नाहीत.

पाचेक मिनिटांत उसाचा एक लॉरीवाला थांबला. त्याने अजून दोघांना हाक मारली. एकाने गवतावर गोणपाट टाकलं, तिघांनी मिळून मागची बाजू उचलली आणि बाजूला ठेवली. अक्षरशः ठेवली, कपाट सरकवतात तशी. पैसे देऊ केले तर हात हलवून "कोरेक, कोरेक" म्हणाला आणि गेला. कोरेक म्हणजे ठीक आहे, सगळं बरोबर. पुढे दिवसभर आमच्या गाडीत हाच शब्द.

गाडी परत करताना मात्र कोरेक नव्हतं. रिमला ओरखडा होता. 'पूर्ण विमा' म्हणून जे विकलं होतं त्यात टायर, रिम, काचा आणि गाडीचा तळ धरलेलाच नव्हता. डिपॉझिटमधून बरीच रक्कम गेली. कंपनीचं नाव घेत नाही, सही मीच केली होती. घेताना आणि देताना गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. रिमांचासुद्धा.

रानजाई

"कपाट सरकवतात तशी" 😂

मला एक विचारायचंय. ल मोर्नपाशी समुद्रात पाण्याखाली धबधबा आहे ना? फोटोत तर काय दिसतो! तो किनाऱ्यावरून दिसतो का?

एबेनकर

नाही. तो धबधबा नाहीच, वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्याकडे सरकताना होणारा दृष्टिभ्रम आहे. फक्त वरून दिसतो, म्हणजे हेलिकॉप्टरचे पैसे मोजायचे. किनाऱ्यावर उभं राहून नवऱ्याशी भांडू नका.

जांभादगड

ज्वालामुखीचा विषय निघालाय आणि कुणी त्यावर बोलत नाही, म्हणून मी तोंड घालतो. पोटापाण्याचा धंदा दगडांचाच आहे.

कावळेसाहेब, लेकीला आधी हे सांगा की तिने अर्धा ज्वालामुखी घरूनच बघितलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणावरून दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, ज्यातून सह्याद्री कोरला गेला, त्याच ठिकाणाने पुढे मॉरिशस उभं केलं, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत गेला, खालची शेगडी जागेवरच राहिली. तिच्यावरून जे जे सरकलं ते ते भाजलं: लक्षद्वीप-मालदीवच्या खालचा खडक, मग शागोस, मग मॉरिशस. आज ती शेगडी शेजारच्या रेयुन्यों बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून भडकतो. (तपशिलात मधे समुद्रतळाची एक सीमा ओलांडली जाते, त्यामुळे मॉरिशस आता आफ्रिकेच्या भूपट्टावर आहे. परीक्षेत विचारणार नाही.)

म्हणजे ठाण्याहून निघून मॉरिशसला उतरलात की एकाच शेगडीवरची दोन भाकरींची टोकं बघितलीत.

आता काय बघायचं ते. क्यूरपीपला त्रू ओ सेर्फ नावाचं ज्वालामुखीचं तोंड आहे, सुमारे ३०० मीटर रुंद. आत झाडी माजलीय आणि तळाशी गाळाने भरलेलं डबकं. धूर नाही, लाव्हा नाही, लेक आधी हिरमुसेल. पण त्याच्या काठावरून पूर्ण गोल डांबरी रस्ता आहे. आईंना गाडीतून न उतरता ज्वालामुखीची प्रदक्षिणा घालता येईल. काठावरून जे सुळक्यासुळक्यांचे डोंगर दिसतात ते बेटाच्या पहिल्या, प्रचंड ज्वालामुखीची उरलेली कड. मधलं खचलं, कड राहिली. हे एकदा डोळ्यांना कळलं की पुढे पूर्ण बेटभर कुठूनही कड ओळखता येते. गंगा तलावही अशाच एका तोंडात साठलेलं पाणी आहे.

आणि उसाच्या शेतात काळ्या दगडांचे ढीग दिसतील, काही तर पायऱ्यापायऱ्यांचे. जमीन मोकळी करताना शेतातून वेचलेला बेसॉल्ट तो. आपल्याकडे बांधावर टाकतात, तिथे ढीग रचले. वेचणारे हात बहुतेक आपल्याच देशातून गेलेले.

सुपारीची_खांडं

जांभादगड, प्रतिसाद माझ्या लेकीला वाचून दाखवला. शामारेलची सातरंगी माती हा काय प्रकार आहे? मला ती फोटोत आहे तेवढीच आवडली. तिकीट काढून कठड्याआडून बघायची, दहा मिनिटांत संपतं.

जांभादगड

आयडी उगाच घेतला नाहीये. ती जांभ्याचीच चुलत बहीण. बेसॉल्टवर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पडून बाकीचं वाहून गेलं की लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. लोखंडाने तांबडं-तपकिरी, ॲल्युमिनियमने निळसर-जांभळं. गुहागरकडच्या घरांच्या भिंतींत हेच आहे, फक्त रंग वेगळे झालेले नाहीत. दहा मिनिटांत संपतं हे खरं. सकाळी लवकर तिरप्या उन्हात गेलात तर पंधरा.

एबेनकर

शामारेलच्या रस्त्याबद्दल सांगायचं राहिलं. गंगा तलावाकडून प्लेन शाँपान्यच्या पठारावरून शामारेलला जायचं आणि तिथून खाली काझ नोयालला समुद्रावर उतरायचं. माझ्या मते बेटावरचा सगळ्यात सुंदर रस्ता. वाटेत ब्लॅक रिव्हरच्या दरीचा एक थांबा आहे, आई गाडीपासून चालत जाऊ शकतील. उतार चांगलाच आहे आणि वळणं आपल्या घाटासारखी. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, दुसऱ्या गियरमध्ये सोडा. ऑटोमॅटिक घेतली तर तिच्यात खालचा गियर कसा धरायचा ते विमानतळाच्या आवारातच शिकून घ्या.

पण हा दिवस आधी ठरवू नका. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला हजारेक मिमी पाऊस, मधल्या पठारावर त्याच्या चौपट. फ्लिक आं फ्लाकला ऊन असताना क्यूरपीपला मी छत्री उघडलीय, अर्ध्या तासाच्या अंतरावर. सकाळी उठून डोंगरांकडे बघायचं. माथे मोकळे असतील तर वर जा, ढगात असतील तर किनारा धरा. माझ्या घरमालकिणीचा नियम होता हा, हवामानखात्याआधी ती खिडकीत.

शंकेखोर

समुद्रात पोहण्याबद्दल कुणी सांगितलं नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे म्हणून आतलं पाणी शांत असतं. पण भिंत सगळीकडे नाही. सूयाकजवळ ग्री ग्री नावाची जागा आहे, तिथे भिंत नाही आणि लाटा थेट काळ्या कड्यावर आपटतात. बघायला जबरदस्त, पाण्यात उतरायला अजिबात नाही. नद्यांच्या मुखाशीही प्रवाळ वाढत नाही, गोड्या पाण्यामुळे. जिथे फेसाची पांढरी रेघ दूर दिसते तिथे पोहा. ती रेघ किनाऱ्याला चिकटलेली असेल तर नुसते पाय भिजवा.

रबरी बूट न्या. तळाला समुद्री साळू असतात, आणि 'लाफ' म्हणजे दगडमासा. दगडासारखाच दिसतो, पाय पडला की दवाखाना.

तिरफळ

इथे सगळे दगड, गियर आणि पाऊस बोलतायत. खायचं कोण बोलणार?

धोल पुरी! नावातच डाळ आहे. पिवळी डाळ वाटून भरलेली, कागदासारखी पातळ. गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं रुगाय आणि हिरवी चटणी. जोडीनेच विकतात, "एन पेर" म्हणायचं. रस्त्यावर उभं राहून खायची, कोपर पुढे काढून, नाहीतर शर्टावर.

माएबूरला सोमवारी बाजार असतो, तो चुकवू नका. तिथे एका मावशींकडे मी जोडी मागितली. त्यांनी कागदात गुंडाळता गुंडाळता क्रियोलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, काहीतरी विचारलं, मला फक्त "इंडिया?" कळलं. म्हटलं, महाराष्ट्र. हात थांबला. म्हणाल्या, "मराठी? आमी मराठी." पुढे दोन वाक्यं आमच्या मालवणीच्या जवळची, मग शब्द संपले आणि हसायला लागल्या. रोजचं बोलणं क्रियोल, पण आरत्या तोंडपाठ. तिसरी पुरी फुकट.

एबेनकर

तिरफळ, तिकडच्या मराठी मंडळींचे पूर्वज बहुतेक कोकणातलेच, रत्नागिरीकडचे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्यांच्या नाचाला ते 'झाकरी' म्हणतात, म्हणजे आपली जाखडी. गोल धरून, पायाचा ठेकाही तोच. मोका नावाच्या गावात महाराष्ट्र भवन आहे, तिथे २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला.

कावळेसाहेब, पोर्ट लुईला जाल तेव्हा आप्रवासी घाट आईंना नक्की दाखवा. २ नोव्हेंबर १८३४ ला पहिले गिरमिटिया मजूर बेटावर उतरले. नंतर लाखो लोक याच घाटाच्या सोळा पायऱ्या चढून आले. जागा लहान आहे, तासाभरात होते. आणि डोडो: पोर्ट लुईच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात सांगाडा आहे. जिवंत काही हवं असेल तर माएबूरजवळच्या इल ओ एग्रेत बेटावर राक्षसी कासवं आणि गुलाबी कबुतरं आहेत, वाटाड्याबरोबरच नेतात. हे बेट मात्र ज्वालामुखीचं नाही, प्रवाळाच्या चुनखडीचं. जांभादगड यांनी ओरडू नये.

तिरफळ

रविवारी किनाऱ्यावर जा. सुरूच्या झाडांखाली अख्खी खानदानं पातेली घेऊन आलेली असतात. गाड्या लावायला जागा नसते, पण आईंना गप्पांना माणसं मिळतील.

पांढरा_कावळा

बेत फाडून टाकला. नवा: चार रात्री फ्लिक आं फ्लाक, तीन माएबूर. कुठल्या दिवशी काय ते लिहिलेलंच नाही, नुसती 'डोंगर मोकळे असतील तर' आणि 'नसतील तर' अशी दोन कागदं केलीत. प्रदक्षिणा रद्द. बायको तुम्हा सगळ्यांची ऋणी आहे.

---

पांढरा_कावळा

धागा वर काढतोय. परत आलो.

गाडी: ओरखडा नाही, व्हिडिओ चार मिनिटांचा. गोल चौकात पहिल्या दिवशी तीनदा चुकीच्या फाट्याला निघालो, नंतर दोन फेऱ्या मारून मगच बाहेर पडायचो. कुणी हॉर्न वाजवला नाही.

पहिले दोन दिवस 'नसतील तर'चा कागद चालला. तिसऱ्या दिवशी सकाळी माथे धुतल्यासारखे. गंगा तलावावर आई तासभर बसली, माकडाने आमची केळी नेली. ल मोर्नवर चढलो नाही, पायथ्याच्या रस्त्याने गेलो आणि गुलामीतून पळालेले लोक त्या कड्यावर लपायचे हे लेकीला सांगितलं. ती बराच वेळ कड्याकडे बघत होती, मग म्हणाली, वर पाणी कुठून आणायचे? मला उत्तर देता आलं नाही.

इल ओ सेर्फ आम्हाला गर्दीचं वाटलं. त्यापेक्षा बे द्यू कापचा मॅकोंदेचा वळणावरचा थांबा आवडला. तिथे पाच मिनिटं थांबायचं ठरवून दीड तास बसलो, काही कारण नाही.

जांभादगड, त्रू ओ सेर्फ. लेक खरंच हिरमुसली. "एवढंच? झाडंच आहेत." मी तुमची शेगडी सांगायला सुरुवात केली. आई मागच्या सीटवर होती, काच खाली करून बघत होती. म्हणाली, "म्हणजे आमच्या दगडाचं माहेर हे." तिला दुसरी फेरी हवी होती, मग तिसरी. तिसऱ्या फेरीला लेक पुढे येऊन बसली आणि कड शोधायला लागली.

बाजारातल्या मावशी नाही सापडल्या. धोल पुरी सापडली, शर्टावर.

तिरफळ

एन पेर की दोन?

पांढरा_कावळा

आईच्या तीन जोड्या. गुडघ्यांना काही झालं नाही, पोटालाही नाही.

चौथा_गियर

कोरेक.